निरोगी माणूस पाहिजे

त्या वर्षी संक्रांतीला मी निरोगी पुरुष शोधत होते. हे मी आईला सांगितलं तेव्हा तिचा चेहरा असा काही खुलला, की पुढचं मला घाईघाईने सांगावं लागलं — लग्नासाठी नाही गं, रक्तासाठी.

आईने हातातलं लाटणं खाली ठेवलं आणि कपाळाला हात लावला. बाबा एअरफोर्समधून निवृत्त होऊन लखनौत सरोजिनी नगरला घर बांधून बसले, तेव्हापासून माझं लग्न हा तिचा एकमेव प्रोजेक्ट होता. माझा प्रोजेक्ट वेगळा होता. मी तेव्हा तिथल्याच एका मोठ्या हॉस्पिटलात पीएचडी करत होते आणि दिवसभर लोकांच्या रक्तात ट्रोपोनिन मोजत होते.

ट्रोपोनिन म्हणजे हृदयाच्या स्नायूतलं एक प्रथिन. स्नायूला इजा झाली की ते रक्तात झिरपतं, म्हणून हार्ट अटॅक ओळखायला डॉक्टर ते तपासतातच. पण निगम मॅडमचा, म्हणजे माझ्या गाइडचा, प्रश्न निराळा होता. कुणी न्यूमोनियाने आलंय, कुणी खुब्याचं हाड मोडून आलंय, छातीत तर काहीच दुखत नाहीये… अशा पेशंटच्या रक्तातही पहिल्या दिवशी हा आकडा चढलेला असला, तर तो माणूस घरी परत जाण्याची शक्यता कमी होते का? उत्तर हळूहळू 'हो' असं येत होतं. मी आकडे काढायची आणि काही आठवड्यांनी वॉर्डात जाऊन विचारायची, की अमुक बेडवरचे चाचा कसे आहेत. चढलेल्या आकड्यांच्या बाबतीत सिस्टर बरेचदा नुसती मान हलवायच्या. मी मुळात तिखट, त्यात ह्या कामाने थोडी कडू झाले होते.

तर ह्या आजाऱ्यांशी तुलना करायला आता धडधाकट माणसं हवी होती. आणि धडधाकट माणसं फुकटात एकगठ्ठा कुठे मिळणार? महाराष्ट्र मंडळाच्या तिळगूळ समारंभात.

आत हॉलमध्ये बायकांचं हळदीकुंकू चाललं होतं आणि बाहेर अंगणात पुरुष कोवळ्या उन्हात खुर्च्या टाकून बसले होते. मी कोपऱ्यात टेबल मांडलं. सुया बघताच सगळ्यांना एकदम कामं आठवली. मंडळाचे अध्यक्ष सदाशिवकाका सगळ्यात आधी बाही वर करून आले, पण टेबलापाशी पोचेपर्यंत त्यांना आपलं बीपी आठवलं आणि ते चहाचं बघायला निघून गेले. मला हसूही येत होतं आणि रागही.

"इथे काय मिळतं?" कुणीतरी विचारलं.

मी वर पाहिलं. उंच, चॉकलेटी स्वेटर, हातात गुळाची पोळी आणि ओठांच्या कडेला तुपाचा थेंब… डोळे असे, की हा माणूस आता काहीतरी खोडी काढणार असं वाटावं.

"मिळत काही नाही. द्यावं लागतं. रक्त."

"आणि मी चालेन?"

"तिसरी पोळी खाताय. प्रकृती उत्तम दिसते."

"अच्छा…" तो समोरच्या खुर्चीत बसला. "म्हणजे मोजत होतात."

मी कधी लाजत नाही. त्या दिवशी कान गरम झाले, तो लखनौच्या थंडीचा परिणाम असावा. मी सुई काढली. तो म्हणाला, माझं नाव अनुप टिकेकर, सातारचा, औषधांवर संशोधन करणाऱ्या संस्थेत नुकताच आलोय, उंदरांवर काम करतो, रोज त्यांचं रक्त काढतो, तेव्हा तुम्ही बिनधास्त टोचा. मी टोचलं, तर हा शूरवीर डोळे गच्च मिटून पुटपुटायला लागला. जरा वाकून ऐकलं. रामरक्षा म्हणत होता.

"उंदीर पण म्हणतात का?" मी विचारलं.

"नाही," तो डोळे न उघडता म्हणाला, "ते चावतात."

दिवसभर मला ते आठवून हसू येत होतं. आईने दोनदा विचारलं, काय झालंय तुला.

दोन दिवसांनी मशीनने त्याचा आकडा दिला आणि माझं हसू कुठल्या कुठे गेलं. अतिदक्षता विभागातल्या पेशंटचा असतो, तसा तो आकडा होता. मी नमुना पुन्हा लावला. तोच. हा आकडा पेशंटच्या यादीत असता, तर मी काही आठवड्यांनी वॉर्डात विचारायला जाताना आधीच मन घट्ट केलं असतं. मॅडम म्हणाल्या, आज ही उसको बुलाओ और साफ साफ बताओ.

मी फोन केला. आवाज शक्य तितका सरळ ठेवून सगळं सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे मी मेलोय का?"

"अहो, चेष्टा नाहीये ही."

"विचारून घेतलं. नाहीतर उगाच नाश्ता करत बसायचो."

तो आला तो जुन्या लखनौतल्या चौकातून मक्खन मलाई घेऊन. दव पडलेल्या पहाटे दूध घुसळून केलेला तो केशरी फेस, तोंडात घातला की नुसती थंडी आणि वेलची उरते. ती पानाच्या द्रोणात धरून, शर्टाची बटणं उघडून ईसीजीला झोपलेला माणूस आमच्या हॉस्पिटलने पहिल्यांदाच पाहिला असेल. ईसीजी स्वच्छ. दुसऱ्या दिवशी सोनोग्राफीने हृदय पाहिलं, तेही स्वच्छ. हृदयरोगाचे डॉक्टर म्हणाले, दिसत तर काहीच नाही, पण आकडा असा आहे म्हणजे कुठेतरी काहीतरी आहे. दर आठवड्याला रक्त तपासत राहा, आणि लक्ष ठेवा.

लक्ष ठेवा. हे मी जरा जास्तच मनावर घेतलं.

दर शनिवारी तो रक्त द्यायला यायचा. मग वृंदावन योजना नावाच्या वसाहतीतल्या त्याच्या खोलीवर त्याने चालत जाऊ नये म्हणून मी त्याला स्कूटीवर सोडायची. मग वाटेत चहा. चहा आला की खस्ता कचोरी समोर यायची आणि मी ती त्याच्या हातातून काढून स्वतः खायची.

"माझ्या हृदयासाठी तू स्वतःचं हृदय धोक्यात घालतेस," तो म्हणायचा. अहो-जाहो कधी गळून पडलं, मला आठवत नाही.

"माझा आकडा शून्य आहे. मी खाऊ शकते."

"शून्य? म्हणजे काहीच होत नाही आत?"

मी कचोरीत लक्ष घालायची. आत काय होत होतं, ते मोजायचं मशीन आमच्याकडे नव्हतं. तो जिना चढायला लागला की मी त्याचा श्वास ऐकायची. तो हसला की मला वाटायचं, हसू दे, आणि लगेच वाटायचं, जास्त नको. माझं हिंदीमिश्रित मराठी ऐकून तो मला चिडवायचा. मी भाजीला सब्जी म्हणते, दर वाक्याला यार लावते आणि भांडण चढलं की सरळ हिंदीत घुसते. मी म्हणायची, लखनौत वाढलेय, माझ्यावर सातारची संस्कृती लादू नको. मग तो मुद्दाम, अगदी लखनवी अदबीने, मला मोहतरमा म्हणायचा. त्याच्या सातारी उच्चारात ते इतकं विचित्र लागायचं, की चहावाला भैयासुद्धा मान खाली घालून हसायचा.

फक्त एक गोष्ट मला खटकायची. हा माणूस पुढचं काही बोलायचाच नाही. खोलीत खाट नाही, जमिनीवर गादी. भांडी दोन. नोकरी कायमची होती, क्वार्टर मिळत होतं, ते घेतलं नव्हतं. मी म्हटलं, निदान एक कपाट तरी घे. तो म्हणाला, बघू.

आकडा मात्र हलत नव्हता. दर शनिवारी तोच, तसाच चढलेला. फेब्रुवारी संपला, धुकं गेलं, रस्त्याकडेच्या आंब्यांना मोहोर आला. आणि एका शनिवारी गोमती नगरच्या बागेत, नदीकडच्या कट्ट्यावर बसलेलो असताना माझा धीर संपला. मी काही गोड वगैरे बोलले नाही. आईने तीन स्थळं आणलीयेत, मी तिन्ही नाकारलीयेत, कारण विचारलं तर काय सांगू, तेवढं तू सांग, असं भांडल्यासारखंच म्हणाले.

त्याचा चेहरा आधी उजळला. अगदी स्पष्ट दिसलं मला ते. आणि मग कुणीतरी दिवा मालवावा, तसा विझला.

"माझे बाबा अडतिसाव्या वर्षी गेले," तो म्हणाला. "सकाळी सायकल काढली, अंगणातच बसले… झालं. हृदय. मी सात वर्षांचा होतो. आईला मी पाहिलंय, स्वरदा. संध्याकाळी फाटकाचा आवाज झाला की ती अजून मान वर करते. मी चाळिशीच्या पुढचा विचार करतच नाही. तरी तुझ्यासोबत हिंडताना वाटायला लागलं होतं, की आपलं तसं नसेल कदाचित. पण दर शनिवारी तूच सांगतेस, की आहे."

"ईसीजी चांगलाय. सोनोग्राफी चांगली—"

"बाबांचंही वरून सगळं चांगलंच होतं."

तो उठला. म्हणाला, स्थळं नाकारू नकोस. मी रक्त द्यायला येत जाईन, पण ते दुसऱ्या कुणाला घ्यायला सांग.

मी घरी येऊन उशीत तोंड खुपसून रडले. मग रडण्याचा राग आला. मग त्याचा. मग त्या आकड्याचा. आकड्याचा राग सगळ्यात टिकला. कारण राग जरा निवल्यावर मला दिसलं, की तो आकडा नीट वागतच नव्हता. आजारी माणसाचा आकडा चढतो, मग उतरतो, तब्येतीबरोबर हलतो. ह्याचा पहिल्या दिवसापासून एका जागी ठाण मांडून बसलेला. सोमवारी मी त्याच्या रक्तात निम्मं पाणी घालून पाहिलं. सरबतात पाणी घातलं की गोडी कमी व्हायलाच हवी. पण आकडा निम्मा झालाच नाही, भलतीकडेच गेला. म्हणजे ह्या रक्तात ट्रोपोनिनचं सोंग घेऊन दुसरंच काहीतरी बसलं होतं. काय, ते मात्र कळेना.

फोन तो उचलत नव्हता. मी सरळ त्याच्या संस्थेत गेले. फाटकावरच्या चौकीदाराला सांगितलं, टिकेकर साहब को बुलाइए, नहीं तो मैं यहीं बैठी हूँ. अनुप आतून, प्राणीगृहातून, निळा गाऊन आणि डोक्यावर टोपी अशा अवतारात आला. मला बघून आनंद झाला होता आणि तो लपवता येत नव्हता. आल्या आल्या तो फाटकाजवळच्या नळाखाली बोट धुवायला लागला. बोटातून रक्त येत होतं.

मी मोठ्ठं भाषण पाठ करून आले होते. ते विसरून विचारलं, काय झालं?

"काही नाही. चावला."

"उंदीर? नेहमी चावतात?"

"आठवड्यात एखाददुसरा. आधीच्या लॅबपासून, सहा-सात वर्षं चावतायत. आता तर काही वाटतही नाही."

तुला वाटत नसेल, पण तुझ्या रक्ताला वाटत असेल… असा विचार मनात आला मात्र, आणि मी तिथेच थिजले.

आमची तपासणी चालते ती उंदरांपासून बनवलेल्या दोन प्रतिपिंडांवर, म्हणजे अँटीबॉडीजवर. एक ट्रोपोनिनला खालून पकडतं, दुसरं वरून, आणि वरच्याला लावलेला रंग चमकतो. चमक जितकी जास्त, तितकं ट्रोपोनिन जास्त. मधे ट्रोपोनिन असलं, तरच ती दोघं जोडली जातात. पण एखाद्या माणसाच्या रक्ताने उंदरांशी कायमचं वैर धरलं असेल, तर? ते रक्त दिसेल त्या उंदराच्या वस्तूला पकडणार. आमच्या दोन्ही प्रतिपिंडांनाही पकडणार. ट्रोपोनिन नसतानाच ती जोडली जाणार, मशीन चमकणार, आणि माझ्यासारखी शहाणी दर शनिवारी एका ठणठणीत माणसाला सांगणार, की तुझं हृदय गळतंय. निरोगी माणूस म्हणून मी नेमका उंदरांनी चावलेला माणूस निवडला होता.

पण हे सगळं अजून 'असेल' होतं. त्याला आशा दाखवून पुन्हा पाडायची माझी हिंमत नव्हती.

"मला उंदराचं सीरम दे," मी म्हटलं. "चांगल्या, कशाचंही इंजेक्शन न दिलेल्या उंदराचं."

त्याने कारण विचारलं नाही. आत गेला आणि बर्फ घातलेल्या थर्माकोलच्या डब्यात एक इवलीशी नळी घेऊन आला. "लोक गुलाब देतात," तो हळूच म्हणाला.

"गुलाबाने काम होणार नाही," मी म्हटलं, आणि डोळ्यांत पाणी यायच्या आत स्कूटीला किक मारली.

युक्ती साधी होती. त्याच्या रक्तात आधीच उंदराचं सीरम, म्हणजे रक्त गोठल्यावर उरणारं पिवळसर पाणी, घालायचं. सगळं वैर त्या सीरमवर निघून जाऊ दे, मग तपासणी करायची. मशीन चालू केलं आणि मी चक्क रामरक्षा म्हणायला लागले. अर्धीच येते मला.

आकडा आला. नव्हताच. मशीन मोजू शकतं त्याच्याही खाली. माझ्यासारखाच, शून्य. मॅडमनी पुन्हा करायला लावलं, मग बकरीच्या प्रतिपिंडांवर चालणारी तपासणी एका दुसऱ्या प्रयोगशाळेतून करून आणली. तिथेही काही नाही. माझा जीव भांड्यात पडला. मॅडम म्हणाल्या, पागल, रिपोर्ट नॉर्मल है, रो क्यों रही हो?

दुपारच्या उन्हात तो संस्थेच्या हिरवळीवर एकटाच डबा खात बसला होता. मी समोर बसून सगळं सांगितलं, एका दमात, अर्धं हिंदीत. तो ऐकत राहिला. मग हसायला लागला. डबा बाजूला ठेवून, पोट धरून हसला. आणि मग हसता हसता त्याने डब्याचं झाकण लावलं.

"पण बाबांचं तर खरं होतं ना…" तो म्हणाला. "ते काही उंदरांमुळे नव्हतं."

मनात जे होतं ते बोलले.

"खरं होतं. मी काही गॅरंटी घेऊन नाही आले. माझ्या अभ्यासात सगळ्यात चढलेला आकडा ज्या भटनागर चाचांचा होता, ते परवा सिस्टरशी चहातल्या साखरेवरून भांडून, चालत घरी गेले. आणि ज्यांचे आकडे सरळ होते, त्यांतलेही काही गेलेत. शंभर जणांचं मी सांगू शकते, अनुप. एकाचं कुणीच सांगू शकत नाही. तुझं तर मी अजिबात सांगणार नाही, तुला अभ्यासातून काढून टाकलंय."

"काढलंस?"

"आजाऱ्यांत बसत नाहीस. निरोग्यांतही आता चालत नाहीस."

"मग मी बसू कुठे?"

मी जरा सरकले. तो उठून माझ्या शेजारी येऊन बसला. आमचे खांदे एकमेकांना लागले. मला एवढंच म्हणायचं होतं, की संध्याकाळी फाटकाचा आवाज झाला की मान वर करायला मला आवडेल, जितकी वर्षं मिळतील तितकी. तसं म्हणालेही, अगदी हळू. त्याला ऐकू गेलं असावं. कारण बराच वेळ त्याने माझा हात सोडला नाही.

"एक सांगून ठेवतो," शेवटी तो म्हणाला. "साठीनंतर मी इथल्या थंडीत राहणार नाही. गुडघे धरतील. साताऱ्याला जायचं."

मला आधी समजलंच नाही. मग समजलं. साधं कपाट न घेणारा माणूस साठीनंतरच्या गुडघ्यांचं बोलत होता.

"मी नाही येणार," मी म्हटलं. गालांवरून पाणी वाहत होतं, ते पुसायचंही सुचत नव्हतं. "साताऱ्यात मला भाजीवाल्यांशी भांडता येणार नाही. साठी लवकर होते."

"बरं, सत्तर."

"सत्तरीत कुणी घर बदलतं का?"

"पंचाहत्तर," तो म्हणाला. "त्यापुढे एक दिवस नाही."

अमीनाबाद बाजारातल्या, घासाघीस करणाऱ्या दुकानदारासारखा चेहरा करून मी थोडा वेळ विचार केला. मग म्हटलं, चालेल.